जांभळ्या बुचाची नळी

सकाळी साडेआठ. लोकलची गर्दी झटकून मी लॅबमध्ये पोहोचते तोवर डीएनए वाचणाऱ्या सिक्वेन्सरने रात्रपाळी उरकलेली असते. माझं पद बायोइन्फर्मॅटिशियन. आई शेजारणींना सांगते, ‘कॅन्सरच्या कॉम्प्युटरवर असते.’ तेच बरोबर आहे.

नऊ. सहा पेशंट. एक ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, लगेच बाद. गाठीचा तुकडा फॉर्मलिनमध्ये फार दिवस पडून राहिला की डीएनएतलं सायटोसिन थायमिनसारखं वाचलं जातं आणि खोटे बदल ढिगाने दिसू लागतात. कुठेतरी बरणी जोडून आलेल्या सुट्ट्यांत तशीच राहिली असणार.

साडेदहा. नांदेडचे काका. पित्ताशयाचा कॅन्सर, दोन प्रकारची केमो होऊनही गाठ वाढलेली. डीएनएची वाचनं चित्रासारखी पाहून बदल हुडकणारा आमचा एआय प्रोग्राम आकडा देतो: दर दहा लाख अक्षरांमागे १२ बदल. १० किंवा त्याहून जास्त असतील, तर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध देता येतं. अमेरिकेच्या एफडीएने २०२०मध्ये याच निकषावर त्याला मान्यता दिली.

पण मला तो बारा खटकतो. काकांचं रक्त आलेलंच नाही. ताडून पाहायला निरोगी पेशींचा डीएनए नसेल, तर कोणता बदल गाठीत झाला आणि कोणता आजीकडून आला, हे यंत्राला कळणार कसं? ते माणसांत आढळलेल्या बदलांच्या जागतिक याद्या चाळतं. तिथे नोंद नसलेला बदल गाठीचा धरतं. त्या याद्यांत युरोपीय वंशाची माणसं भरपूर, आपली फार थोडी; म्हणून आपले वारशाने आलेले बदलही गाठीचे ठरू शकतात. गूगल डीपमाइंडच्या अल्फामिसेन्स या एआय प्रोग्रामने २०२३मध्ये ७.१ कोटी संभाव्य बदल तपासले खरे, पण तो प्रोग्राम एखादा बदल घातक आहे का एवढंच सांगतो. बदल आला कुठून, हे त्याला विचारण्यात अर्थ नाही.

दुपारी एक. डबा तसाच. इंडिजीनोम्समधल्या १,०२९ भारतीयांच्या यादीशी एकेक बदल ताडून पाहिला. बाराचे सात झाले.

तीन. ट्यूमर बोर्ड, म्हणजे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांची बैठक.

‘सिस्टीमवर तर बारा दिसतायत, मॅडम.’

‘हो सर. पाच घराण्यातले निघाले.’

कोणी हसलं नाही. इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, खर्च लाखांत. मुलाने शेत विकायची बोलणीही सुरू केली होती. ठरलं: आधी रक्त मागवायचं, तोवर इंजेक्शन नाही.

साडेपाच. नांदेडला फोन.

‘आता रक्त कशाला, मॅडम? गाठ तर तुमच्याकडंच हाय की.’

वीस मिनिटं समजावलं. शेतीचा सौदा तूर्त थांबवा, हेही सांगितलं. रक्त उद्या कुरिअरने निघेल.

ब्लॉक पाठवणाऱ्या डॉक्टरांना एवढीच विनंती: सोबत जांभळ्या बुचाच्या ईडीटीए नळीत पेशंटचं थोडं रक्तही पाठवत चला.