डोंगराची पहिली शर्यत

वैभववाडीच्या बाजारात उभे राहून पूर्वेकडे पाहिले, की सह्याद्रीची भिंत दिसते. त्या भिंतीच्या माथ्यावर गगनबावडा आहे. करूळ घाटातून एस.टी. वळणे घेत घेत वर चढते. दुसरी वाट भुईबावड्याच्या घाटाची. एस.टी.त बसलेल्या माणसाला चढ जाणवत नाही. तो इंजिनाला जाणवतो. गाडी गुरगुरते, तापते, आणि ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो. हाच चढ माणूस पायांनी चढू लागला, तर त्याचेही असेच होते. छाती भात्यासारखी हलते, अंग तापते आणि पायांना गिअर बदलावा लागतो.

असे घाट काही माणसे हौसेने धावत चढतात. त्यांच्या शर्यती होतात. आपल्या राज्यात साताऱ्याला अशी एक मोठी शर्यत २०१२ सालापासून होते. साताऱ्याहून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला वर जायचे आणि त्याच रस्त्याने खाली परत यायचे. अंतर सुमारे २१ किलोमीटर. निम्मी वाट मुख्यतः चढाची, निम्मी उताराची. हजारो माणसे तिथे धावतात. त्यांत तरुण असतात तसे साठी ओलांडलेलेही असतात. बाया असतात, बापे असतात.

हे वेड नवे नाही. स्कॉटलंड देशात बेन नेव्हिस नावाचा डोंगर आहे. उंची सुमारे १,३४५ मीटर. १८९५ साली पायथ्याच्या गावातला विल्यम स्वान नावाचा माणूस तो डोंगर धावत चढला आणि धावत उतरला. त्याला २ तास ४१ मिनिटे लागली. तेव्हापासून तिथे डोंगर धावण्याची परंपरा पडली.

यावर कोणी म्हणेल, "आमचा जन्म डोंगरात गेला. आम्हाला काय शिकवता?" म्हणणे खोटे नाही. डोक्यावर गवताचा भारा घेऊन ज्याने चढण काढली, त्याचे पाय तयारच असतात. पण चालणे निराळे आणि शर्यत निराळी. चालताना दम लागला, की आपण दगडावर बसतो, पाणी पितो, मग उठतो. शर्यतीत मात्र पुढच्याची पाठ दिसत असते, आणि मागच्याचे पाय वाजत असतात. माणसाला बसायची लाज वाटते. अंग "थांब" म्हणते आणि मन "पळ" म्हणते. डोंगरात धोका आहे तो इथेच. म्हणून पहिल्या वेळी काय करावे आणि काय करू नये, ते आपण नीट समजून घेऊ.

चढण

सपाटीवर धावताना आपण आपले अंग पुढे नेतो. चढावर ते पुढेही न्यावे लागते आणि वरही उचलावे लागते. साठ किलो वजनाचा माणूस ३०० मीटर उंच चढला, म्हणजे त्याने साठ किलोचे पोते ३०० मीटर वर उचलले. हातात ओझे नसले तरी आपले अंग हेच ओझे आहे.

एवढ्या कामाला प्राणवायू जास्त लागतो. म्हणून श्वास वाढतो आणि हृदयाचे ठोके वाढतात. नवा माणूस काय करतो? सुरुवातीला ढोल वाजतात, लोक टाळ्या देतात. तो भरात येऊन सुसाट सुटतो. पहिल्या दोन किलोमीटरांतच त्याची शिदोरी संपते.

आपण घरातले तांदूळ पावसाळाभर पुरवून खातो ना? आषाढातच कणगी रिकामी केली, तर श्रावणात काय शिजवणार? ताकदीचेही तसेच आहे. ती पुरवून वापरायची. त्याची एक सोपी खूण आहे. चढताना शेजारच्याशी एक छोटे वाक्य बोलता आले पाहिजे. बोलता येत नसेल, तर वेग जास्त झाला. तो कमी करावा.

फार उभा चढ आला तर सरळ चालावे. पावले आखूड टाकावीत. अंग किंचित पुढे झुकवावे, पण कमरेत मोडू नये. वाटल्यास हात मांड्यांवर टेकून चालावे. यात कमीपणा मुळीच नाही. खड्या चढावर धावण्यापेक्षा झपझप चालण्याला कमी शक्ती लागते, आणि वेळेत फारसा फरक पडत नाही. जुने धावणारेही तिथे चालतात.

उतरण

माथा आला, की नव्या माणसाला वाटते, आता झाले! आता काय, उतारच आहे! पण चढण दम काढते आणि उतरण गुडघे काढते.

उतरताना प्रत्येक पावलाला आपले सारे वजन पुढच्या पायावर आदळते. मांडीच्या पुढचा स्नायू ते तोलून धरतो. तोलून धरता धरता तो ताणलाही जातो. गाडी उतारावर ब्रेक दाबत यावी, तसे हे आहे. ब्रेक तापतात, तशा मांड्या भरतात. स्नायूंचे बारीक धागे दुखावतात. ही दुखणी त्याच दिवशी कळत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतात.

म्हणून उतारावर लांब ढेंगा टाकू नयेत. पावले जवळजवळ आणि हलकी पडावीत. गुडघा थोडा वाकलेला असावा. नजर पायाच्या बोटांवर नको. ती चार-पाच पावले पुढे हवी. पावसाळ्यात घाटातले दगड शेवाळाने निसरडे होतात. तिथे वेग सोडून द्यावा. दोन मिनिटे उशिरा पोचलेला माणूस घरी जातो. घसरलेला माणूस दवाखान्यात जातो.

पाणी आणि मीठ

धावताना घाम येतो. घाम वाळतो तेव्हा अंगाची उष्णता घेऊन जातो. पण आपल्या कोकणात हवा दमट. घाम वाळत नाही, नुसता निथळतो. अंग थंड होत नाही. म्हणून इथे घाटावरच्यापेक्षा जास्त जपावे लागते.

मग खूप पाणी प्यावे का? नाही. तहान लागेल तसे, थोडे थोडे प्यावे. घामातून पाणी जाते तसे मीठही जाते. नुसते पाणी ढोसत राहिले, तर रक्तातल्या मिठाचे प्रमाण उतरते. डोके दुखते, मळमळते, माणूस बरळू लागतो. वेळप्रसंगी जीवही जातो. अमेरिकेत बोस्टन शहरी २००२ सालच्या मोठ्या शर्यतीनंतर ४८८ धावणाऱ्यांचे रक्त तपासले. शंभरातल्या १३ जणांच्या रक्तातले मीठ कमी झाले होते. ज्यांचे वजन धावून कमी होण्याऐवजी वाढले होते, त्यांना हा धोका अधिक होता. म्हणजे घामातून गेले त्याहून जास्त पाणी ते प्यायले होते.

लांब शर्यतीत पाण्याबरोबर थोडे मीठ आणि थोडी साखर पोटात जावी. त्याला महागड्या बाटल्याच हव्यात असे नाही. मीठ-साखर घातलेले कोकम सरबत किंवा लिंबू सरबत चालते. सोबत गूळ, केळे, खजूर असावे. आदल्या रात्री रोजचेच जेवण जेवावे. सकाळी दोन-अडीच तास आधी पेज किंवा भाकरी खावी. शर्यतीच्या दिवशी नवा पदार्थ पोटात घालू नये आणि नवा बूट पायात घालू नये. नवा बूट फोड आणतो.

गारठ्याचा घात

आपण उन्हाला भितो. गारठ्याला भीत नाही. पण डोंगरात भिजलेल्या माणसाला वारा मारतो. ओले कपडे अंगाची उष्णता भराभर ओढून घेतात. माणूस पळत असतो तोवर अंग तापलेले असते. दमून त्याची चाल मंदावली, की अंग निवू लागते.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या गान्सू प्रांतात डोंगरातली १०० किलोमीटरची शर्यत होती. १७२ जण निघाले होते. पुष्कळांच्या अंगावर आखूड, पातळ कपडे होते. दुपारी उंच भागात एकाएकी सोसाट्याचा वारा सुटला. पाऊस आणि गारा कोसळू लागल्या. वाट दिसेना. २१ माणसे गारठून मेली. त्यांत त्या देशातले नामांकित धावणारेही होते. ताकदीला ते कमी नव्हते. अंगावर वारा अडवणारे कापड मात्र पुरेसे नव्हते.

त्याच डोंगरात एक मेंढपाळ होता. वादळात तो गुहेत थांबला होता. त्याने धावणाऱ्यांना आत आणले, शेकोटी पेटवली, पांघरायला दिले. त्याने सहा जणांचे जीव वाचवले. डोंगर कोणाला कळतो? जो रोज डोंगरात राहतो त्याला. आपल्या सह्याद्रीतही जवळच्या धनगरवाड्यातला माणूस "आज वर जाऊ नका" म्हणाला, तर त्याचे ऐकावे.

गारठा चढल्याची खूण अशी : आधी हुडहुडी भरते. मग जीभ जड होते, पाय अडखळतात, बोटांनी गुंडी लागत नाही. पुढे हुडहुडी आपोआप थांबते. तेव्हा बरे वाटू लागले असे समजू नये. ती सर्वांत वाईट वेळ असते. अशा माणसाला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढावेत, कोरडे पांघरूण द्यावे आणि ताबडतोब मदत बोलवावी.

तयारी

पहिल्या शर्यतीसाठी निदान तीन-चार महिने द्यावेत. चाळिशी उलटलेल्यांनी, तसेच साखरेचा, रक्तदाबाचा किंवा छातीचा त्रास असलेल्यांनी आधी सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावे. मगच पळावे.

पहिले काही आठवडे सपाटीवर चालणे आणि हळू धावणे. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरेत. मधे विसावा हवाच, कारण स्नायू विसाव्यात बळकट होतात. मग आठवड्यातून एक दिवस चढ. आधी लहान घाटी, मग मोठी. अंतर एकदम दुप्पट करू नये. उतरण्याचाही सराव करावा. एकदा उतरणीने दुखलेल्या मांड्या पुढच्या वेळी कमी दुखतात. स्नायू शिकतो.

करूळसारख्या वाहत्या घाटात मात्र सराव नको. ट्रक, एस.टी., आंधळी वळणे! पावसाळ्यात दरड पडायचे भय वेगळेच. त्यापेक्षा गावातला रहदारी नसलेला चढ निवडावा. रस्त्यावर धावावेच लागले, तर उजव्या कडेने धावावे. म्हणजे समोरची गाडी दिसते. पहाटे पांढरा सदरा घालावा. एकटे जाऊ नये. कुठे जातो ते घरी सांगून जावे.

बायांनी धावावे का? जरूर धावावे. सातारा जिल्ह्यात माण तालुका दुष्काळी. तिथल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली आणि जगात दहावी आली. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरच्या कविता राऊतने २०१० साली आशियाई खेळांत १०,००० मीटरच्या शर्यतीत रुपेरी पदक मिळवले. पण घरच्यांचाही हातभार हवा. पहाटेची चूल दुसऱ्या कोणी पेटवली, तर सुनेला किंवा लेकीला तासभर पळता येईल.

थांबावे केव्हा?

दम लागणे, पाय भरणे, घाम येणे हे सारे चालायचेच. पण काही खुणा निराळ्या आहेत. छातीत दाब किंवा कळ. डोळ्यांपुढे अंधारी. तोल जाणे, बोलणे असंबद्ध होणे. अंग तापून फणफणणे. गुडघ्यात किंवा घोट्यात पाऊल टेकवेना अशी कळ. यांतली एक जरी खूण दिसली, तरी तिथेच थांबावे. वाटेवरच्या स्वयंसेवकाला हाक मारावी. उन्हाने भ्रमिष्ट झालेल्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकाला फोन करून गाडी बोलवावी. दुखणे दाबायला गोळी खाऊन धावू नये. अंगातले पाणी कमी झाले असता काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला अपाय करतात. शिवाय दुखणे हा अंगाचा निरोप आहे. निरोप्याचे तोंड बंद केले, म्हणून बातमी खोटी ठरत नाही.

आपल्यापुढचा माणूस पडलेला दिसला, तर आधी त्याच्यापाशी थांबावे. नंबर पुढच्या वर्षीही मिळेल.

शर्यत अर्ध्यावर सोडली, तर लोक काय म्हणतील? चार दिवस म्हणतील आणि विसरतील. सह्याद्री कुठे जात नाही. तो पुढच्या वर्षीही इथेच आहे. आपणही इथे असले पाहिजे.

म्हणून पहिल्या शर्यतीत पहिला नंबर मनात धरू नये. तीन गोष्टी मनात धराव्यात. चढताना राखून चढावे. उतरताना जपून उतरावे. आणि आपल्याच पायांनी घरी येऊन, उंबऱ्याशी बूट काढून, घरच्या माणसांबरोबर जेवायला बसावे. ज्याला हे साधले, त्याने आपली पहिली शर्यत जिंकली.