उलटी पोराला, आरोपी त्याची माय

तीन आठवड्यांचे पोर. जन्मले तेव्हा वजनाने चांगले, सुरुवातीचे दिवस दूधही अंगी लागले. मग एके दिवशी पाजून खाली ठेवले आणि पिचकारी उडावी तशी उलटी झाली, हात-दीड हात दूर जाऊन पडली. माय घाबरली. पोर मात्र लगेच पुन्हा दुधासाठी तोंड उघडून रडू लागले. यावल-रावेरचा केळीचा पट्टा असो की साक्री-शिरपूरकडचे पाडे, अशा वेळी घरात पहिले वाक्य कोणते निघते हे खान्देशच्या वाचकांना सांगायला नको. नजर लागली! मीठ-मिरच्या उतरवल्या जातात. दुसरे वाक्य त्याहून वाईट. मायचे दूध बाधले! म्हणजे आजार पोराला आणि आरोपी बाळंतीण.

वास्तविक दोष ना नजरेचा, ना दुधाचा. जठरातून आतड्यात अन्न उतरते त्या तोंडाशी स्नायूचे एक कडे असते. काही बाळांत हे कडे जन्मानंतर जाड होत जाते आणि वाट चिंचोळी होते. डॉक्टर याला पायलोरिक स्टेनोसिस म्हणतात. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात तो दिसू लागतो. मुलांमध्ये मुलींच्या चौपट आढळतो, त्यातही पहिलटकरणीच्या बाळाला अधिक. पण २०११ च्या जनगणनेत ज्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे ८४२ मुली भरल्या, तेथे मुलीची उलटी किती गांभीर्याने घेतली जाईल, हाही प्रश्नच आहे.

दूध सगळीच बाळे टाकतात. ढेकरेबरोबर ओठातून ओघळणारे दूध वेगळे आणि दर पाजण्यानंतर जोराने उडणारी उलटी वेगळी. या आजारात उलटी पांढरी, दह्यासारखी असते. हिरवी असेल तर अडथळा खाली आतड्यात असू शकतो, तेव्हा तासभरही घरी थांबू नये. दूध पाजल्यावर पोटावर डावीकडून उजवीकडे लाट सरकताना दिसते. लंगोट कोरडे राहू लागतात, शी कमी होते, वजन घटते, टाळू खोल जाते. आणि भूक? ती शाबूत असते. उलटी करूनही पोर दूध मागत राहते.

या काळात घरी काय होते? घुटी, ग्राइप वॉटर, भगताचा अंगारा. कुठे पोटावर बिब्बा. मेळघाटात तर आजारी तान्ह्याच्या पोटाला तापल्या लोखंडाने डागतात. २०२५ मध्ये तेथे २२ दिवसांच्या बाळाला असे चटके दिल्याचे प्रकरण उघडकीस आले. पण सगळा दोष अडाणीपणावर ढकलून शिकलेल्यांनी सुटू नये. डॉक्टर म्हणवणारेही अंगावरचे तोडून पावडरीचा डबा लिहून देतात, डबा बदलतात, पुन्हा बदलतात. मजुराची आठवड्याची मजुरी त्यात जाते आणि दिवसही जातात. एरिथ्रोमायसिन हे औषध पहिल्या दोन आठवड्यांत दिल्याने या आजाराचा धोका वाढतो, हे १९९९ मध्ये अमेरिकेतील नॉक्सव्हिल गावी एकाच वेळी सात बाळे आजारी पडल्यावर ठळकपणे पुढे आले. मेडिकलवरून कोणतेही अँटिबायोटिक आणून नवजात बाळाला पाजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शासनाने आशाताईंना घरभेटीचे दिवस नेमून दिले आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. यातल्या शेवटच्या तीन भेटी बरोबर या आजाराच्या वयात येतात! त्या दिवशी वजनाबरोबर दोनच प्रश्न विचारले तरी पुष्कळ काम होईल: उलटी उडते का? दिवसातून लघवी किती वेळा? मात्र जी बाई कोयता घेऊन गुजरातच्या उसात गेली, तिच्या बाळाचा एकविसावा दिवस कुणाच्या वहीत येतो?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून लागू आहे आणि पुढे तो आजारी बाळांसाठी वर्षापर्यंत वाढवला गेला. शासकीय रुग्णालयात तपासण्या, औषधे, नेण्या-आणण्याची गाडी हे सारे त्यात मोफत आहे. ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. धुळ्याला वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे, जळगावला २०१८ मध्ये सुरू झाले. निदानाला सोनोग्राफी पुरते. स्नायूची जाडी तीन-चार मिलिमीटरपर्यंत गेली की रोग कळतो. शस्त्रक्रियेसाठी पुढे नाशिक-मुंबईला पाठवतो म्हणाले तर गाडी आणि लेखी कागद दोन्ही मागून घ्यावेत, आणि सलाईन लावूनच निघावे.

येथे एक गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घेतली पाहिजे. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशन उद्या-परवा, आधी सलाईन. लगेच आपण दिरंगाई म्हणून आवाज चढवतो. इतर ठिकाणी तो आवाज योग्यही असेल, येथे नाही. उलट्यांतून जठरातले आम्ल आणि क्षार निघून जातात, रक्ताचा तोल बिघडतो. तो सावरण्याआधी भूल दिली तर बाळाचा श्वास थांबू शकतो. आधीचे पंधरा दिवस घरी आणि खाजगीत घालवून हे दोन दिवस वाचवायचे, हा हिशेब उलटा आहे.

शस्त्रक्रिया शंभर वर्षांहून जुनी आहे. कोपनहेगनच्या हिर्शस्प्रुंग यांनी १८८८ मध्ये हा आजार नीट लिहून ठेवला, तेव्हा अशी बाळे बहुधा मरतच. १९११ मध्ये जर्मनीच्या रामस्टेट यांनी जाड स्नायूला चीर दिली. तो शिवायला गेले तर टाके धरेनात, तरी बाळ बरे झाले. तेव्हापासून स्नायू उभा चिरतात, आतले अस्तर शाबूत ठेवतात आणि चीर उघडीच सोडतात. काही तासांतच बाळाला पुन्हा आईचेच दूध सुरू होते. पहिले एक-दोन दिवस थोडी उलटी होऊ शकते; ती पाहून कुणी पुन्हा उतारा काढायला बसू नये आणि तिचे दूध तर मुळीच तोडू नये.