परवलीचा शब्द विसरला तर?

समजा, शाळेच्या संगणकावर विद्यार्थ्यांच्या नोंदी 'मायएसक्यूएल' या डेटाबेसमध्ये ठेवल्या आहेत. त्यातल्या 'रूट' या सर्वाधिकारी खात्याचा परवलीचा शब्द ज्या शिक्षकांनी ठरवला त्यांची बदली झाली आणि आता तो कोणालाच आठवत नाही. नोंदी गेल्या का? नाही. पण तो शब्द संगणकाला विचारूनही उपयोग नाही, कारण तो त्यालाही ठाऊक नसतो!

हे कसे? वर्गात करून पाहा. ४८२७ चा वर्ग २३२९९९२९. त्यातले मधले चार अंक, २९९९, तेवढेच वहीत लिहा. कोणी ४८२७ म्हटले तर तीच कृती करून ताळा पाहता येतो. पण २९९९ वरून उलट जाऊन मूळ संख्या काढता येत नाही. डेटाबेसही याहून कितीतरी गुंतागुंतीची कृती करून आलेले उत्तर तेवढे जपतो. शब्द जसेच्या तसे ठेवण्यातला धोका १९६० च्या दशकात अमेरिकेतील एमआयटीमध्ये दिसला होता. तिथे दोन फायलींची अदलाबदल झाली आणि संगणक वापरायला येणाऱ्या प्रत्येकासमोर सर्वांचे परवलीचे शब्द छापले गेले.

जुना शब्द मिळत नसला तरी नवा बसवता येतो. आधी मायएसक्यूएलचा सर्व्हर बंद करावा. एका साध्या मजकूर-फायलीत रूटला नवा शब्द देणारी 'ऑल्टर यूजर' ही आज्ञा लिहावी. मग 'इनिट-फाइल' या पर्यायात त्या फायलीचा पत्ता देऊन सर्व्हर सुरू करावा. सुरू होतानाच तो ती आज्ञा पाळतो. नव्या शब्दाने प्रवेश मिळाला की फाइल पुसावी, कारण तिच्यात शब्द उघडा असतो. शेवटी सर्व्हर पुन्हा नेहमीच्या रीतीने सुरू करावा. 'स्किप-ग्रँट-टेबल्स' हा दुसरा पर्यायही आहे. पण तो चालू असेपर्यंत सर्व्हर कोणाचीच ओळख तपासत नाही, म्हणून तो जोखमीचा.

इतके सोपे असेल तर परवलीचा शब्द हवाच कशाला? तो दारावरचा पहारेकरी आहे, तिजोरीचे कुलूप नव्हे. ज्याच्या हाती संगणकाचे प्रशासकीय अधिकार, तो पहारेकरी बदलू शकतो. डिस्कवरच्या नोंदी तर सहसा उघड्याच असतात. म्हणून संगणकाच्या प्रशासकीय खात्यालाही परवलीचा शब्द हवा, डिस्कवरचा मजकूर सांकेतिक रूपात ठेवायला हवा आणि संगणकाच्या खोलीची किल्लीही जपायला हवी.