पस्तीस धावा, चार गडी आणि चाहत्यांची कसोटी

सोमवार, ४ ऑगस्ट २०२५. दुपारचे साडेतीन वाजलेले. वऱ्हाडात वर्षावासाचे दिवस सुरू होते आणि शेतात फवारणीची घाई होती. अकोल्याच्या एका अभ्यासिकेत आम्ही चार-पाच जण स्पर्धा परीक्षेचे पुस्तक उघडे ठेवून मोबाइलकडे डोळे लावून बसलो होतो. अमरावतीचे मित्र फोनवर होते. लंडनच्या ओव्हल मैदानावर कसोटीचा पाचवा दिवस सुरू होत होता. इंग्लंडला जिंकायला ३५ धावा हव्या होत्या आणि भारताला चार गडी. दीड महिना चाललेल्या पाच सामन्यांच्या मालिकेचा निकाल आता या तासाभरात लागणार होता.

त्या तासाभरात काय झाले ते बहुतेकांना ठाऊक आहे. पण चाहते म्हणून त्या पाच दिवसांत आपण कसे वागलो, कोणाला डोक्यावर घेतले आणि कोणाला शिव्या घातल्या, यावर आपल्या तरुणांमध्ये फारशी चर्चा होत नाही. ती व्हावी म्हणून हा लेख.

कसोटी इतकी का हेलकावते?

वीस षटकांचा सामना तीन-साडेतीन तासांत संपतो. कसोटी पाच दिवस चालते. दिवसाची तीन सत्रे असतात : उपाहारापर्यंत एक, चहापानापर्यंत दुसरे आणि दिवसअखेरपर्यंत तिसरे. म्हणजे पूर्ण सामन्यात पंधरा सत्रे. एक सत्र गमावलेला संघ पुढच्या सत्रात परत येऊ शकतो. सकाळी ढग असतील तर चेंडू हवेत वळतो, दुपारी ऊन पडले की फलंदाजी सोपी होते. खेळपट्टी रोज थोडी थोडी बदलत जाते. ८० षटकांनंतर नवा चेंडू घेता येतो आणि तेव्हाही पारडे फिरू शकते.

ओव्हलवर नेमके हेच झाले. भारताचा पहिला डाव २२४ धावांत संपला. इंग्लंडने २४७ करून २३ धावांची आघाडी घेतली. दुसऱ्या डावात यशस्वी जयस्वालने ११८ धावा केल्या. दिवस संपता संपता 'रात्रीचा पहारेकरी' म्हणून पाठवलेल्या आकाश दीपने ६६ धावा काढल्या, जे कोणाच्याही हिशेबात नव्हते. भारत ३९६ पर्यंत पोहोचला आणि इंग्लंडपुढे ३७४ धावांचे लक्ष्य ठेवले गेले.

चौथ्या दिवशी, रविवारी, इंग्लंडने हे लक्ष्य जवळजवळ गाठलेच होते. जो रूटने १०५ आणि हॅरी ब्रूकने १११ धावा केल्या. ३ बाद ३०१ अशी धावसंख्या असताना आमच्यापैकी दोघांनी सामना बंद केला. मग ब्रूक गेला, थोड्या वेळाने बेथेल आणि रूट गेले. अंधुक प्रकाश आणि पावसामुळे खेळ थांबला तेव्हा इंग्लंड ६ बाद ३३९ वर होते.

सीमारेषेवरचे एक पाऊल

रविवारी ब्रूक अवघ्या १९ धावांवर असताना प्रसिध कृष्णाच्या चेंडूवर त्याने उंच फटका मारला. सीमारेषेजवळ मोहम्मद सिराजने झेल घेतला, पण तोल सावरताना त्याचे पाऊल सीमारेषेच्या गादीवर पडले. बाद होणाऱ्या ब्रूकला सहा धावा मिळाल्या आणि पुढे त्याने शतक ठोकले.

त्या क्षणी आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात जे लिहिले गेले ते इथे छापण्यासारखे नाही. लिहिणारे परके नव्हते, आपल्यातलेच होते. एकाने तर सिराजच्या खेळाबद्दल काही न बोलता थेट त्याच्या धर्मावर घसरणारा विनोद टाकला. त्यावर हसणारी चित्रे टाकणारेही निघाले. आम्हीही त्या वेळी गप्प राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

याच सिराजने तीन आठवड्यांपूर्वी लॉर्ड्सवर रवींद्र जडेजाला साथ देत शेवटचा फलंदाज म्हणून किल्ला लढवला होता. बशीरचा चेंडू त्याने अडवला, पण तो घरंगळत यष्ट्यांवर गेला आणि भारत २२ धावांनी हरला. याच सिराजने मालिकेतले पाचही सामने खेळून १८५ हून अधिक षटके टाकली. पण रविवारच्या त्या दुपारी आमच्या लेखी तो म्हणजे फक्त सीमारेषेवर चुकलेले एक पाऊल होता.

शेवटचा तास

सोमवारी सकाळी इंग्लंडचे ढगाळ हवामान भारताच्या मदतीला आले. आदल्या दिवशीचा खेळ ७७ व्या षटकात थांबला होता, म्हणजे चार षटकांतच नवा चेंडू मिळणार होता. भारताने तो घेतला नाही, कारण जुनाच चेंडू चांगला वळत होता. कसोटीतले डावपेच असे असतात.

सुरुवातीलाच ओव्हरटनने दोन चौकार मारले आणि अभ्यासिकेत सन्नाटा पसरला. मग सिराजने जेमी स्मिथला यष्टिरक्षकाकडे झेल द्यायला लावला आणि ओव्हरटनला पायचीत केले. प्रसिधने टंगचा त्रिफळा उडवला. १७ धावा हव्या असताना ख्रिस वोक्स मैदानात आला. निखळलेल्या खांद्यामुळे त्याचा एक हात स्वेटरच्या आत झोळीत बांधलेला होता. ॲटकिन्सनने एक षटकार मारला तेव्हा अमरावतीच्या मित्राने फोनच ठेवून दिला. आणि मग सिराजचा यॉर्कर थेट ॲटकिन्सनच्या यष्टीवर आदळला. इंग्लंड सर्वबाद ३६७. भारत सहा धावांनी विजयी, मालिका २-२ अशी बरोबरीत. धावांच्या फरकाने पाहिले तर भारताचा कसोटीतला हा सर्वांत निसटता विजय. सिराजचे डावात पाच बळी, मालिकेत २३.

पाच मिनिटांत त्याच गटात सिराजच्या नावाचा जयघोष सुरू झाला. रविवारचा विनोद टाकणाराच त्यात सर्वांत पुढे होता.

विदर्भाला धीर धरणे ठाऊक आहे

याच सामन्यात भारताच्या पहिल्या डावात करुण नायरने ५७ धावा केल्या. डावातल्या त्या सर्वाधिक होत्या. करुणने २०१६ मध्ये इंग्लंडविरुद्ध चेन्नईत नाबाद ३०३ धावा केल्या आणि पुढच्याच वर्षी तो संघाबाहेर गेला. नंतर तो विदर्भाकडून खेळू लागला. २०२४-२५ च्या रणजी अंतिम सामन्यात जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्ध त्याने ८६ आणि १३५ धावा केल्या. विदर्भ तिसऱ्यांदा रणजी विजेता झाला आणि आठ वर्षांनी करुणला पुन्हा कसोटी संघाचे दार उघडले.

उमेश यादवचे वडील कोळसा खाणीत कामाला होते. तोही विदर्भाच्या संघातून पुढे गेला आणि कसोटीत १७० बळी घेऊन दाखवले. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने प्रथम श्रेणीतला आपला पहिलाच सामना खेळला तो थेट डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झालेला रणजीचा अंतिम सामना. विदर्भाने दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला तो याच सामन्यात. त्याआधी उपांत्य फेरीत विदर्भाने कर्नाटकला फक्त पाच धावांनी हरवले होते, तेही पहिल्या डावात ११६ धावांनी मागे पडल्यावर. एका सत्रावरून निकाल ठरवायचा नसतो, हे विदर्भाच्या चाहत्यांना वेगळे सांगायची गरज नाही.

चुकीची किंमत कोण मोजतो?

खरा प्रश्न इथे सुरू होतो. चूक प्रत्येक खेळाडूकडून होते, पण चुकीची किंमत सगळ्यांना सारखी मोजावी लागत नाही. एखाद्याचा झेल सुटला तर लोक म्हणतात, 'आज त्याचा दिवस नव्हता'. दुसऱ्याचा सुटला तर त्याचा धर्म काढला जातो, जात काढली जाते.

जानेवारी २०२१ मध्ये सिडनी कसोटीत सिराजला प्रेक्षकांकडून वंशद्वेषी शिवीगाळ झाली. वडिलांच्या निधनाला जेमतेम दोन महिने झाले होते आणि तो दौरा सोडून घरी गेला नव्हता. त्याने पंचांकडे तक्रार केली, खेळ थांबला आणि काही प्रेक्षकांना बाहेर काढण्यात आले. परदेशातल्या त्या प्रेक्षकांवर आपण सगळेच चिडलो होतो.

पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत आपला महिला हॉकी संघ अर्जेंटिनाकडून हरला, तेव्हा हरिद्वारजवळच्या रोशनाबादमध्ये वंदना कटारियाच्या घरासमोर फटाके फोडून तिच्या कुटुंबाला जातिवाचक शिव्या देण्यात आल्या. चारच दिवसांपूर्वी वंदनाने दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. ऑलिंपिकमध्ये हॅट्ट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. हे करणारे लोक परदेशी नव्हते.

आणि हे आजचे नाही. चांभार समाजात जन्मलेले पालवणकर बाळू हे आपल्या देशाचे पहिले मोठे फिरकी गोलंदाज. पुण्यात हिंदूंच्या क्लबकडून खेळताना त्यांच्या हातातला चेंडू सगळ्यांना चालत होता. पण चहापानाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले, तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते मिळाले त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना, १९२३ मध्ये, आणि त्या वर्षी संघ जिंकला. पुढे १९३७ च्या निवडणुकीत बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि हरले. त्यांचे राजकारण आपल्याला पटो वा न पटो, मैदानावर त्यांनी जे सोसले ते आपण विसरता कामा नये. टाळ्या चेंडूला होत्या, माणसाला नव्हत्या.

आपण काय करायचे?

लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा, सुख-दुःख या आठ लोकधम्मांबद्दल आपण विहारात ऐकतो. कसोटी सामन्यात हे आठही पाच दिवसांत डोळ्यांसमोरून जातात. आनंद होऊ द्यावा, वाईटही वाटू द्यावे. त्यात गैर काही नाही. फक्त त्या भरात आपल्या हातून काय लिहिले जाते, इकडे लक्ष हवे.

आम्ही आमच्या गटात तीन साध्या गोष्टी ठरवल्या आहेत. सत्र संपेपर्यंत कोणत्याही खेळाडूवर निकाल द्यायचा नाही. टीका करायची ती खेळावर : टप्पा चुकला, क्षेत्ररक्षण चुकले, फटका चुकला. आणि कोणी जात, धर्म किंवा रंग काढला तर, तो आपला जवळचा मित्र असला तरी, तिथल्या तिथे टोकायचे.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. रविवारी आम्हाला ती जमली नाही. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या स्वतः अशी शेरेबाजी सोसली, त्या समाजातल्या तरुणांनी दुसऱ्याबद्दलचा तसाच विनोद ऐकून गप्प बसणे शोभत नाही. पुढची कसोटी सुरू होईल तेव्हा अकोला-अमरावतीच्या प्रत्येक गटात हे टोकणारा एक तरी आवाज असला पाहिजे. तो आपला असावा.

जय भीम.