डावं पुढचं चाक

८.३०
शटर वर करायच्या आधीच काका गाडी लावून उभे होते. चिपळुणात बहादूरशेख नाक्यावरून खेर्डीकडे निघालं की रस्त्याला लागूनच आमचं गॅरेज, त्यामुळे येता-जाता गाडी दिसली तरी लोक थांबतात. काकांची २००९ सालची हॅचबॅक, त्या वेळचं टॉप मॉडेल. तेव्हा एबीएस हवं तर बहुतेक गाड्यांत वरचंच मॉडेल घ्यावं लागे. सगळ्या नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९ पासून.

“एबीएसचा दिवा लागतो, मग आपोआप जातो, परत लागतो. दोन वेळा सेन्सर बदलून झाला,” काका म्हणाले. चावी माझ्या हातात देता देता पुढे, “आणि हल्ली सिग्नलला गाडी थांबवताना पायाखाली टरटर करतं. पण ते सोड, दिव्याचं बघ.”

कामाची गोष्ट ती टरटरच होती. गिऱ्हाईक दिव्याची तक्रार घेऊन येतं आणि खरी खूण जाता जाता सांगतं.

८.४५
चिपळूणच्या गाडीला मी पहिला प्रश्न एकच विचारतो: २२ जुलै २०२१ ला कुठे होती? त्या पुरात बुडालेल्या गाड्यांचे कपलर आजही उघडले की पिना हिरव्या निघतात, आणि अशा गाडीला एबीएसचा दिवा लागला तर मी आधी पंपाशेजारच्या मॉड्यूलचा कपलर उघडतो. काकांची गाडी तेव्हा कराडला लेकीकडे होती. एक संशय मिटला.

९.००
ब्रेक ऑइल बरोबर. बॅटरी साडेबारा व्होल्टच्या वर. चारही टायर एकाच मापाचे. हे बघावंच लागतं, कारण एका चाकाला लहान टायर असला तर ते चाक जास्त फेऱ्या मारतं आणि मॉड्यूलचा हिशेब बिघडतो. हँडब्रेकचा लाल दिवा विझलेला. एबीएसचा पिवळा एकटा असेल तर साधे ब्रेक शाबूत आहेत, चाक लॉक होऊ न देण्याची सोय तेवढी बंद, असं धरून गाडी सावकाश गॅरेजपर्यंत आणता येते. लाल आणि पिवळा दोन्ही लागले तर मी टोइंग बोलवायला सांगतो. ऑइल कमी असू शकतं, किंवा मागच्या चाकांचा दाब सांभाळणारी ईबीडी गेलेली असू शकते. मग जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते.

९.३०
स्कॅनर लावला. मोबाइलला जोडायची स्वस्त डबी बहुतेक वेळा इंजिनाचेच कोड वाचते. एबीएसच्या मॉड्यूलशी बोलणारा स्कॅनर लागतो. कोड आला: डावं पुढचं चाक, स्पीड सेन्सर, सिग्नल अनियमित. आधीच्या दोन्ही ठिकाणी हाच कोड आला असणार, आणि ‘सेन्सर’ हा शब्द वाचून सेन्सर बदलला. कोडाचा अर्थ तेवढा नसतो. त्या चाकाकडून येणारी खबर मॉड्यूलला पटत नाही, एवढंच तो सांगतो. त्या खबरीच्या वाटेवर सेन्सर आहे, वायर आहे, कपलर आहे, बेअरिंग आहे आणि दातांची रिंगही आहे.

मधे एक रिक्षावाला हॉर्न वाजत नाही म्हणून आला. अर्थची वायर सुटलेली. बसवून दिली, गेला.

१०.१५
पोऱ्याच्या हातात स्कॅनर देऊन खेर्डीच्या सरळ रस्त्यावर निघालो. पडद्यावर चार चाकांचे चार वेग. चाळीसला चारही जवळपास सारखे. ब्रेकवर हलका पाय ठेवून वेग उतरवत आणला तसा पोऱ्या ओरडला, “दादा, डावं पुढचं पडलं! आलं परत. परत पडलं!” आणि त्याच वेळी पेडलखाली ती टरटर.

रस्ता गुळगुळीत, स्टेअरिंग सरळ. वायर आतून तुटकी असती तर खड्ड्यात किंवा वळणावर सिग्नल गेला असता. सेन्सरच मेला असता तर आकडा शून्यावर बसून राहिला असता. इथे तो पडत होता आणि उठत होता.

११.००
रॅम्पवर घेतली. या गाडीचा सेन्सर जुन्या पद्धतीचा, म्हणजे आत लोहचुंबक आणि त्याभोवती तारेची गुंडाळी. समोरून रिंगचे दात सरकले की गुंडाळीत थोडी वीज उमटते, दर दाताला एक लाट. मॉड्यूल त्या लाटा मोजतं. चाक हळू फिरलं की लाट बारीक होते, म्हणून कमी वेगात खोट आधी उघडी पडते.

रेझिस्टन्स मोजला. डावीकडे हजार ओहमच्या थोडा वर, उजवीकडेही जवळपास तेवढाच. नवा सेन्सर ठीक होता. दोन्ही जुनेही बहुधा ठीकच असतील.

मग छोटा स्कोप जोडला, टायरवर खडूची रेघ मारली आणि चाक हाताने फिरवायला लावलं. पडद्यावर लाटा एकसारख्या येत होत्या, आणि मधेच एक लाट ताणलेली, लांब. परत एकसारख्या, परत एक लांब. दर वेळी खडूची रेघ खालच्या बाजूला आल्यावरच. चाकाच्या एका फेरीत एकदा, त्याच जागी.

१२.००
चाक उतरवलं. कॅलिपर सोडवून तारेने वर टांगला. तो पाइपवर लोंबकळत ठेवणारे मेकॅनिक मला आवडत नाहीत. एक्सलचा नट लांब पाइप लावून सुटला. शाफ्ट बाहेर आला तेव्हा त्याच्या बाहेरच्या जॉइंटवरची रिंग नीट दिसली: मोठ्या बांगडीएवढी, वर दात, सगळीकडे चिखल आणि गंज. वायरब्रश मारला तरी काही दिसेना. मग पोऱ्याने डिझेलने धुतली, मी नख फिरवलं आणि दोन दातांच्या मधल्या खाचेत ते अडकलं. आरपार चीर.

रिंग कुणी तोडलेली नव्हती. तिच्याखालच्या लोखंडाला गंज चढला, गंज फुगतो, आणि घट्ट बसलेली रिंग आतून ताणली जाऊन फुटते. चिरेपाशी दोन दातांमधलं अंतर वाढतं. मॉड्यूलला तिथे पुढचा दात उशिरा येतो, चाक एकदम मंदावल्यासारखं वाटतं, आणि ते चाक लॉक होतंय असं समजून त्या चाकाचा दाब सोडतं. त्यामुळेच काकांच्या पायाखाली टरटर, आणि गाडी ठरल्या जागेच्या थोडी पुढे जाऊन थांबत होती.

काकांना फोन करून चीर सांगितली. ते म्हणाले, “मग फ्यूज काढून दिवा बंद नाही का करता येणार?” फ्यूज काढला तर साधे ब्रेक तरी राहतात, पण दिवा उलट कायमचा पेटतो. मग पुढची पायरी म्हणजे मीटरमधला बल्बच काढणं. जुनी गाडी विकताना हे सर्रास होतं. म्हणून सेकंडहँड गाडी बघताना चावी फिरवल्यावर एबीएसचा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो का ते पाहावं. लागलाच नाही तर गाडी तिथेच सोडावी. ऑइलच्या किंवा दुसऱ्या दिव्याला वायर जोडून त्याच्याबरोबर पेटवणारेही महाभाग आहेत, तेव्हा दोन दिवे अगदी एका क्षणी विझले तरी शंका घ्यावी.

१.१५
दुकानदार म्हणाला, रिंग सुटी मिळत नाही, अख्खा एक्सल घ्या. दुसऱ्याकडे सुटी निघाली. ती येईपर्यंत जेवण आणि एका पिकअपचा अल्टरनेटर.

३.३०
नवी रिंग जुनीच्या शेजारी ठेवून दात मोजले: ४४ आणि ४४. एक जरी कमी-जास्त असता तर दिवा परत.

जॉइंटची बसायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली. गंज ठेवला तर नवीही फुटणार. रिंग शेगडीच्या तव्यावर तापवली, सांडशीने उचलून वर सोडली, टक् करून बसली. थंड होताना ती स्वतःच आवळते. पोऱ्या हातोडी घेऊन तयारच होता. दातांवर हातोडी चालवायची नाही, हे त्याला पुन्हा सांगितलं.

सेन्सरच्या टोकाला लोखंडाची भुकटी चिकटली होती, पुसली. बसायचं भोकही साफ केलं, नाहीतर गंजावर सेन्सर वर उचलला जातो. फीलर गेजने फट पाहिली, साधारण एक मिलिमीटर. ब्रेकचा पाइप उघडला नव्हता, त्यामुळे हवा काढायचं काम नव्हतं. नट नवा.

५.००
स्कोपवर लाटा एकसारख्या. कोड पुसला. तरी गाडी सुरू केल्यावर दिवा पेटलाच, पण तो थोडं चालवल्यावर जातो. चाकांकडून ठीक सिग्नल आल्याशिवाय मॉड्यूल समाधानी होत नाही. वीसच्या पुढे गेल्यावर विझला.

परशुराम घाटाच्या अलीकडे एक मोकळी खडीची जागा आहे. मागे कोणी नाही बघून चाळीसला ब्रेक दाबला. पेडल थरथरलं, चाकं खडीत रुतून घसरली नाहीत, स्टेअरिंग वळत राहिलं. परतीला नाक्यावर हळू थांबवली. टरटर नाही.

६.१५
बिलात पहिली ओळ ‘तपासणी’ बघून काकांनी चष्मा वर केला. रिंग स्वस्त, मजुरी समजण्यासारखी, तपासणीचे कसले? मी त्यांना दोन सेन्सरांच्या पावत्या आठवायला सांगितल्या. त्यांनी पैसे दिले, थोडी कुरकुर करून.

फुटकी रिंग पिशवीत घालून दिली. त्यांनी ती फिरवून पाहिली आणि विचारलं, “उजवीकडची?” उजवीकडची तेवढ्याच वयाची, तेवढाच पावसाळा खाल्लेली, स्कोपवर अजून सरळ आहे, पण तिच्या कडेलाही गंजाचे पापुद्रे उठलेत. दुकानदाराला फोन लावून आणखी एक ४४ दातांची बाजूला ठेवायला सांगितली.