मांजऱ्याची खडी

चारठाणा गावात माणसं गोकुळेश्वराचं देऊळ, बारव आणि तो उंच कोरीव स्तंभ पाहायला येतात. सगळी घडण काळ्या पाषाणातली. छिन्नीला घट्ट, एकजीव दगड लागतो. छिद्रांचा चालत नाही. माझी ओढ मात्र त्या नाकारलेल्या दगडाकडे. तो पाहायला नव्या विहिरीचा ढिगारा गाठावा.

ढिगाऱ्यात दोन जातींचे धोंडे सरमिसळ पडलेले असतात. काळ्यावर हातोडी मारली की ठणठण आवाज उठतो. दुसरा तांबूस-करडा, अंगभर छिद्रांचा. विहीरवाले त्याला मांजऱ्या म्हणतात. तो नुसता थप वाजतो. दोघेही दख्खनच्या लाव्ह्याचेच, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे वर चढले आणि थराच्या माथ्याशी अडकले, त्यांची ही छिद्रं.

असा सच्छिद्र दगड खडी म्हणून घातला की काँक्रीटचं वजन उतरतं. नेहमीचं काँक्रीट घनमीटरला साधारण 2400 किलो भरतं. 2000च्या आत आलं की ते हलकं. रोमच्या पँथिऑनचा 43 मीटर व्यासाचा घुमट असाच पेलला आहे. खाली जड दगड, माथ्याकडे प्युमिससारखा हलका ज्वालामुखी दगड. इसवी सन 126च्या सुमारास पूर्ण झालेला हा घुमट आजही उभा आहे.

आगीपुढेही हा दगड टिकाऊ. वाळूतला क्वार्ट्झ 573 अंशांना एकदम फुगतो आणि काँक्रीट तडकवतो. हा दगड म्हणजे बेसॉल्ट, त्यात सुटा क्वार्ट्झ जवळजवळ नसतोच. शिवाय छिद्रांतली कोंडलेली हवा उष्णता अडवते. गुऱ्हाळाच्या चुलवाणाला बाहेरून अशा काँक्रीटचं अस्तर दिलं, तर धग आत राहील.

पण दख्खनचा मांजऱ्या सरसकट घेता येत नाही. कोट्यवधी वर्षं झिरपलेल्या पाण्याने त्याची बरीच छिद्रं झिओलाइटच्या पांढऱ्या-गुलाबी स्फटिकांनी भरली आहेत. म्हणजे वजन घटत नाही आणि स्फटिकांत पाणी असतं ते वेगळंच. असा एक तुकडा चुलीच्या निखाऱ्यावर ठेवून पाहिला. पांढरा दाणा आधी दुधाळ झाला, मग फुगून त्याचा चुरा पडला. भट्टीच्या भिंतीत हेच व्हायचं. म्हणून रिकाम्या छिद्रांचाच दगड हाताने निवडावा लागतो. थेंबभर पाणी टाकावं: पटकन मुरलं तर ठेवायचा, साचून राहिलं तर बाजूला. कामाला घेण्याआधी प्रयोगशाळेत ताकद तपासणं आलंच.

हा दगड तहानलेला, त्यामुळे खडी आदल्या दिवशी भिजवावी, नाहीतर सिमेंटचं पाणी तीच पिते. साधं सिमेंटही पुरत नाही. त्यातला चुना साडेचारशे अंशांच्या आसपास विघटित होतो आणि थंड झाल्यावर ओल धरून फुगतो. भट्टीला हाय अॅल्युमिना सिमेंट हवं. भिंत उभी राहिली तरी घाईने जाळ घालू नये. आधी सावलीत सुकू द्यावी, मग मंद आचेवर हळूहळू तापवावी. आत उरलेल्या पाण्याची एकदम वाफ झाली की ढलपे उडतात.