रॉड बसला, तरी पाठ का दुखते?

स्कोलिओसिसचं, म्हणजे मणक्यांच्या वाकडेपणाचं ऑपरेशन करून मुलगी मुरगूडला घरी आली की शेजारीपाजारी विचारतात, “पाठ सरळ झाली न्हवं? मग दुखतंय कशाला?” वर्ष उलटल्यावरही दुखणं राहिलं तर ऑपरेशन फसलं, असं काहीजण ठरवून टाकतात. बाकीचे म्हणतात, पोरगी उगाच करतेय. दोन्ही निकाल घाईचे आहेत. अशा दुखण्याला बहुतेक वेळा जागा असते आणि कारणही असतं. ते नीट शोधावं लागतं.

मुळात हे ऑपरेशन पाठदुखी थांबवण्यासाठी क्वचितच करतात. एक्स-रेवर बाकाचा कोन मोजण्याची पद्धत जॉन कॉब या अमेरिकन डॉक्टरांनी १९४८ साली मांडली, ती आजही चालते. दहा अंश किंवा त्याहून जास्त बाक असला की त्याला स्कोलिओसिस म्हणतात. बाक पंचेचाळीस-पन्नास अंशांपलीकडे गेला की ऑपरेशनचा विचार होतो, कारण एवढा बाक उंची वाढायची थांबल्यावरही हळूहळू वाढत राहतो. तो तिथंच रोखणं हा मुख्य हेतू. घरच्यांना हे आधी नीट सांगितलं गेलं तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

ऑपरेशनमध्ये सर्जन मणक्यांत स्क्रू बसवतात, दोन्ही बाजूंनी रॉड घालून बाक कमी करतात. मग मणक्यांमधले छोटे सांधे खरवडून त्यावर हाडाचे बारीक तुकडे पसरतात. खरं काम या तुकड्यांचं. सहा महिने ते वर्षभरात त्यांच्यापासून नवं हाड तयार होतं आणि चार-सहा किंवा दहा-बारा मणके मिळून एकच सलग हाड होतं. रॉडचं काम तोवर सगळं धरून ठेवण्याचं. लोक मात्र रॉडलाच इलाज समजतात.

हाड सांधलं नाही तर काय होतं, हे इथूनच कळतं. प्रत्येक हालचालीला त्या जागी किंचित हलणं चालू राहतं आणि तार पुन्हा पुन्हा वाकवल्यावर तुटते तसा रॉडही कधीतरी तुटतो. कधी दोन-तीन वर्षांनी, कधी त्याहून उशिरा. पाठीत एका ठरावीक ठिकाणी कळ येते, उठता-वळताना वाढते, आडवं झालं की कमी होते. सीटी स्कॅनवर सैल झालेल्या स्क्रूभोवती काळी कड दिसते, म्हणजे तिथलं हाड झिजलेलं असतं.

हाड न सांधण्याची कारणं अनेक, पण आपल्या भागात एक आवर्जून सांगायला हवं. निकोटिनमुळे हाड सांधण्यात अडथळा येतो. निपाणीची तंबाखू आपल्या शेजारची आणि मशेरी कित्येक घरांत रोजची. “तंबाखू खाता का?” असं डॉक्टरांनी विचारलं की बाई “नाही” म्हणतात, कारण मशेरीला कुणी तंबाखूत धरतच नाही. ती धरायला हवी. ऑपरेशनच्या आधीच सोडावी आणि हाड पक्कं होईपर्यंत बोटालाही लावू नये.

हाड उत्तम सांधलं, तरी दुखू शकतं. जोडलेला भाग वाकत नाही, म्हणून वाकण्याचं काम खालच्या मोकळ्या मणक्यांवर आणि त्यांच्यामधल्या गाद्यांवर येतं. छातीमागचे मणके बरगड्यांमुळे एरवीही फार वाकत नाहीत, त्यामुळे तेवढेच जोडले तर फारसा फरक पडत नाही. जोड कमरेत खाली उतरला की हिशेब बदलतो. कमरेला पाच मणके. वरून चौथ्यापर्यंत जोड आला असेल, तर पाठीच्या खालच्या टोकाला हलणाऱ्या गाद्या दोनच उरतात. म्हशीची धार काढायला उकिडवं बसून बाई पुढं झुकते, तेव्हा तो सगळा झोक त्या दोन गाद्यांवर आणि खुब्यांवर पडतो. भांगलणीतही तेच. जरा उंच स्टूल घेतलं, कमरेतून न वाकता खुब्यातून झुकलं, तर बराच भार उतरतो. काम सोडण्यापेक्षा बसण्याची रीत बदलणं पुष्कळदा जास्त कामी येतं.

जुन्या रुग्णांचं दुखणं वेगळं. ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन पोलिओ झालेल्या मुलांवर उपचार करत. त्यांनी पाठीत बसवायचा रॉड तयार केला आणि १९६२ साली त्यावर लेख लिहिला. पुढची दोन-तीन दशकं जगभर तोच वापरात होता. तो पाठ ताणून सरळ करी, पण त्या ताणात कमरेचा नैसर्गिक आतला बाकही सपाट होई. अशी माणसं आज पन्नाशी-साठीत आहेत. संध्याकाळपर्यंत ती पुढं झुकतात, ताठ उभं राहायला गुडघे वाकवावे लागतात, मांड्या भरून येतात. हे म्हातारपण नव्हे, तोल बिघडल्याची खूण आहे.

म्हणूनच एक्स-रे उभं राहून, मानेपासून खुब्यापर्यंत एकाच फिल्मवर काढलेला हवा. टेबलावर झोपवून काढला की तोल दिसतच नाही. ऑपरेशनची नोंद आणि डिस्चार्ज कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवावं. कोणते मणके जोडले, धातू टायटॅनियम की स्टील, हे त्यावरून कळतं आणि एमआरआयचा निर्णय सोपा होतो. दुखणं कुठं, कधी आणि कशानं वाढतं, हेही आठवडाभर वहीत लिहून न्यावं. “सगळीच पाठ दुखते” एवढ्यानं डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही.

सगळ्या तपासण्या ठीक आणि तरी दुखतं, असंही घडतं. वर्षानुवर्षं कळा पोचवणाऱ्या नसा इतक्या हळव्या होतात की साध्या स्पर्शानंही ठणका उठतो. तेव्हा डॉक्टर गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिन देतात. दुसरं औषध नैराश्यावरही वापरतात, म्हणून “मला वेडी ठरवलं” असं वाटून घेऊ नये. इथं ते कमी मात्रेत नसांसाठी असतं. जोडीला रोजचं चालणं आणि फिजिओथेरपिस्टनं शिकवलेले पोटाचे व खुब्याचे व्यायाम, हळूहळू वाढवत. मेडिकलमधून मनानं आणलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर पोट आणि मूत्रपिंड धोक्यात येतं. आणि रॉड असलेल्या पाठीला झटका देऊन “मणका बसवणाऱ्या”कडे कुणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नये.

पुन्हा ऑपरेशन हा शेवटचा मार्ग. ते पहिल्यापेक्षा अवघड असतं. तुटलेला रॉड, न सांधलेलं हाड, बिघडलेला तोल असं नेमकं कारण सापडलं तरच त्याचा उपयोग होतो. नुसतं दुखतंय म्हणून रॉड काढून टाकणं बहुतेकांना सुख देत नाही.

काही लक्षणांत मात्र तारखेची वाट पाहू नये. पायातली ताकद जाणं, लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणं, बसण्याची जागा बधिर होणं, तापाबरोबर पाठ दुखणं, जुन्या टाक्यांतून पाणी येणं. टाक्यांतून पाणी येणं ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही होऊ शकतं, कारण त्वचेवरचे काही जंतू धातूला चिकटून फार सावकाश वाढतात. यातलं काहीही दिसलं तर गावात मलम लावत न बसता त्याच दिवशी कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा जिथं ऑपरेशन झालं ते गाठावं. कागदांची पिशवी सोबत घ्यावी.